कुबडीची बाजू

मराठी भाषेने ज्या निरपराध वस्तूंची बदनामी केली आहे, त्यांत कुबडीचा क्रमांक फार वरचा लागेल. एखादे सरकार दुसऱ्या पक्षाच्या पाठिंब्यावर उभे राहिले, की ते 'कुबड्यांवरचे सरकार' ठरते. तरुणांना उपदेश करणारा वक्ता हमखास गर्जतो, "कुबड्या फेकून द्या आणि स्वतःच्या पायांवर उभे राहा!" टाळ्यांचा कडकडाट होतो. सभेच्या कोपऱ्यात एखादा एका पायाचा श्रोता बसलेला असतो. तो मात्र आपल्या कुबड्या जरा जवळ ओढून घेतो, कारण सभा संपल्यावर त्याला घरी जायचे असते.

याच महाराष्ट्रात सज्जनगडावर समर्थ रामदासांची कुबडी भक्तिभावाने जपून ठेवलेली आहे. लोक तिच्यापुढे माथा टेकतात. संताच्या हातातली कुबडी पूज्य आणि पाय गेलेल्याच्या काखेतली लाजिरवाणी, हा न्याय कुठला? तेव्हा कोणीतरी एकदा कुबडीची बाजू मांडली पाहिजे. आजवर वकील मिळाला नाही, म्हणून हे काम मीच अंगावर घेतो आहे.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे असताना हा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु या विषयाला मुहूर्त कधीच नसतो, आणि पाय जातो तोही मुहूर्त पाहून जात नाही. तो रस्त्यावर जातो, रेल्वेच्या रुळावर जातो, बिडी-तंबाखूने रक्तवाहिन्या बंद पडून जातो. सर्वांत गुपचूप जातो तो मधुमेहाने. पायाची संवेदना मंदावलेली असते, बोटाला खडा टोचतो, जखम दुखत नाही, दुखत नाही म्हणून कोणी पाहत नाही. आणि पाहू लागतात तेव्हा डॉक्टर करवतीची भाषा बोलू लागलेले असतात. ज्या घरात मधुमेह आहे, त्या घरात हा विषय उंबऱ्याबाहेर बसलेला आहे असे समजावे. आणि आज मधुमेह नाही असे घर दाखवा!

माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला आहे. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, शाळामास्तर होतो. एवढा परिचय पुरे. पाय कसा गेला ही गोष्ट ऐकायला सर्वांना आवडते. पाय गेल्यानंतर माणूस पाणी कसे भरतो, शौचाला कसा बसतो, शेताच्या धुऱ्यावरून कसा जातो, ही गोष्ट कोणी विचारत नाही. मला तीच सांगायची आहे.

लोकांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे. ती अशी की, पाय गेल्यावर एक नकली पाय बसवला की प्रश्न मिटला. मग तो माणूस पुन्हा कुबडीवर दिसला की लोक हळहळतात. "गुरुजी, सरकारी पाय हाय ना तुम्हाला? मग ह्या काठ्या कशाला घेता?" असे मला पारावर नेहमी विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याच्या लेखी पाय म्हणजे पास होणे आणि कुबडी म्हणजे नापास होणे!

नकली पायाची थोरवी मी नाकारत नाही. ती कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदात विश्पलेची जांघ युद्धात तुटली आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी जांघ दिली, अशी कथा येते. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत हाजीअलीला १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाने मऊ टाचेचे आणि न हलणाऱ्या घोट्याचे पाऊल तयार केले. ते जगभर पसरले, आपल्याकडेही आले. पाऊल उत्तमच; पण ते बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या आणि फरसबंदीवर चालणाऱ्या माणसासाठी होते. आमच्या माणसाला अनवाणी चालायचे, उकिडवे बसायचे, पंगतीत मांडी घालायची आणि चिखलात उतरायचे असते. त्या पावलाला यातले काहीच मान्य नव्हते.

ही अडचण १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात सुटली. डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद, आणि रामचंद्र शर्मा हे हातात कला असलेले कारागीर. रबर, लाकूड आणि टायरमधले दोरे यांचे एक पाऊल या दोघांच्या खटपटीतून साच्यात भाजून निघाले. ते पाण्यात भिजले तरी चालते, त्याला बूट लागत नाही आणि ते सर्व बाजूंना वाकते. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाऊल गोरगरिबांपर्यंत मोफत पोचू लागले. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. विद्वान डॉक्टराच्या शेजारी कारागीर बसला तेव्हाच आमच्या देशाला साजेसा पाय निर्माण झाला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. कारण या गोष्टीकडे मला पुन्हा यायचे आहे.

एवढे सगळे मान्य करून मी म्हणतो की, नकली पाय हे एक साधन आहे, एकमेव नव्हे. स्वयंपाकघरात तवा असतो, कढई असते, पातेले असते. यांतले सर्वांत चांगले भांडे कोणते, असा प्रश्न कोणतीही शहाणी गृहिणी विचारत नाही. पुरण तव्यावर शिजत नाही आणि पोळी पातेल्यात भाजत नाही. मग पाय गेलेल्या माणसाला मात्र 'एकच काय ते घ्या' असे आपण कोणत्या शहाणपणाने सांगतो?

आता ही भांडी एकेक करून पाहू.

काखेतली कुबडी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू. ती उंबरा ओलांडते, एसटीची पायरी चढते, अरुंद धुऱ्यावरून जाते, आणि रात्री बाजेवरून उठायचे झाले तर क्षणात हाताशी येते. मात्र ती मापाची हवी. तिचा वरचा टेकू काखेपासून दोन-तीन बोटे खाली राहावा, मूठ मनगटाच्या उंचीला असावी, कोपर किंचित वाकलेले असावे, आणि भार तळहातांवर यावा. काखेवर लोंबकळत चालणाऱ्याची काखेतली नस दबते आणि पुढे मनगट लुळे पडू शकते. हे कोणी सांगत नाही. बाजारातून काठ्या आणून हातात देतात आणि 'चाला' म्हणतात. कुबडीचा खरा दोष असा की, ती दोन्ही हात अडकवून ठेवते. कुबडीवाला चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ शकत नाही. बाईमाणसाचा पाय गेला असेल तर हा दोष किती मोठा, ते घर चालवणारीलाच विचारावे. कोपराखाली हाताला पट्टा अडकवायची कोपराची कुबडी मिळते. तिची मूठ सोडली तरी ती हाताला लटकून राहते, म्हणून कडी काढायला, पैसे मोजायला हात मोकळा होतो. ज्याच्या हातांत बळ आहे त्याला ती अधिक सोयीची.

नकली पायाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो हात मोकळे करतो. घागर उचलता येते, लेकराला कडेवर घेता येते, खडू धरता येतो. गुडघा शाबूत असेल तर हा पाय लवकर अंगवळणी पडतो. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर नकली गुडघाही सांभाळावा लागतो आणि त्याच रस्त्याला कितीतरी अधिक दम लागतो. शिवाय पायाचे सारे सुखदुःख उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्या पेल्यावर अवलंबून असते. तंत्रज्ञ त्याला सॉकेट म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय सुजलेला असतो आणि पुढे कित्येक महिने तो आटत जातो. आज घट्ट बसणारा पेला सहा महिन्यांनी सैल होतो, मग घासतो, मग जखम करतो. परभणीच्या वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा त्या पेल्यात घामाचे डबके साचते. कातडी सोलली की ती भरेपर्यंत पाय काढून ठेवणे हाच उपाय. त्या दिवसांत माणसाने काय करावे? कुबडी नसेल तर बाजेवर पडून राहावे! म्हणजे ज्याच्याकडे नकली पाय आहे, त्यालाही कुबडी लागतेच.

तीनचाकी सायकल हातांनी चालवायची. डांबरी सडक असेल तर तिच्यासारखे वाहन नाही. बाजाराला जावे, मागे पोते टाकावे, रस्त्याच्या कडेला तिच्यावरच दुकान मांडावे. परंतु आमची जमीन काळी. मृगाचा पाऊस पडला की पांदण रस्त्याची माती चाकाला अशी चिकटते की बैलगाडीही रुतून बसते. तिथे बापडी तीनचाकी काय करणार? आणि दाराशी आल्यावर जोत्याच्या तीन पायऱ्या तिला चढता येत नाहीत. मालक बाहेर उतरतो तो रांगतच घरात जातो.

चाकाची खुर्ची गुळगुळीत फरशीवर, रुंद दारांच्या घरात आणि रुग्णालयात कामाची. ज्यांचे दोन्ही पाय गेले, ज्यांचे वय झाले, त्यांना ती हवीच. चारपायी वॉकर म्हाताऱ्यांना घरातल्या घरात, ओसरीवरून न्हाणीपर्यंत आधार देतो. त्याला घेऊन शेतात जाता येत नाही, म्हणून त्याला हसू नये.

तात्पर्य, खेड्यातल्या माणसाला बहुधा किमान दोन साधने लागतात. कोणती दोन, हे त्याच्या कापलेल्या पायाची उंची, त्याचे काम, त्याची जमीन आणि त्याच्या घराची पायरी ठरवते. हे ठरवायचे तर त्याच्याशी बोलावे लागते. आणि नेमके तेवढेच आपल्याकडे कोणी करत नाही.

आपल्याकडे शिबिर होते. मंडप पडतो, हारतुरे येतात, पाहुणे दोन तास उशिरा येतात, आणि ओळीने मांडलेल्या तीनचाकींवर ओळीने माणसे बसवून छायाचित्र निघते. आमच्या गावचा एक सालगडी. त्याचा पाय मांडीतून गेलेला, काम आखाड्यावर बैलांना वैरणपाणी करण्याचे. त्याला असल्याच एका शिबिरात तीनचाकी मिळाली. आखाड्याची वाट चिखलाची. आज त्या तीनचाकीवर रात्री कोंबड्या बसतात आणि तो गडी बाभळीच्या फांदीची काठी करून चालतो. दुसरी एक बाई. तिला पाय मिळाला, महिनाभर तिने तो आवडीने घातला, पुढे तो घासू लागला. दाखवायला जावे तर शिबिर उठून गेलेले. तो पाय आता खुंटीला टांगलेला आहे. तरीही कुठल्याशा कागदावर या दोघांचे 'पुनर्वसन' झालेले आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते: 'फुकट मिळतंय ना, मग नावे कशाला ठेवता? धर्माचे गायी आणि दात का गे नाही!' हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. पहिली गोष्ट अशी की, हा धर्म नव्हे. साधनांसाठी अर्थसाहाय्य देणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. कानपूरचा कृत्रिम अवयवांचा सरकारी कारखाना १९७२ साली स्थापन झाला. तो तुमच्या-माझ्या करातून उभा राहिला. २०१६ च्या कायद्याने अपंगांचे हक्क लिहून दिले आहेत. हक्काच्या गाईचे दात मोजायचे नाहीत तर कोणाचे मोजायचे? दुसरी गोष्ट अशी की, बिनमापाचे साधन हे निरुपयोगी तर असतेच, वर ते घातकही असते. मधुमेह्याच्या उरलेल्या पायाला झालेली जखम पुन्हा त्याला करवतीखाली नेऊ शकते.

आणि नियम पाहा. त्या केंद्रीय योजनेच्या २०१४ पासूनच्या सुधारित नियमांप्रमाणे मोठ्या माणसाला एकदा साधन मिळाले, की त्याच कामाच्या साधनासाठी तीन वर्षे थांबावे लागते; बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. एकाच माणसाने वर्षाआड साधने नेऊ नयेत, हा हेतू रास्त आहे. पण उरलेला पाय नियमाचे पुस्तक वाचून आटत नाही. पहिल्याच वर्षी पेला सैल होतो, आणि काळ्या मातीत राबणाऱ्याचे रबर कारकुनाच्या रबरापेक्षा लवकर झिजते. नवे साधन तीन वर्षांनी द्या, माझी हरकत नाही. परंतु मधली तीन वर्षे दुरुस्ती कोण करणार?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही परभणीकर छाती फुगवून म्हणतो. जर्मनीतल्या ऑटोबॉक कंपनीने १९९७ साली आत संगणक बसवलेला गुडघा बाजारात आणला. तो पायरी ओळखून आपला जोर कमीजास्त करतो. विज्ञानाचा हा पराक्रम वाचून मलाही आनंद होतो. पण आमच्या परभणीत माझ्या कुबडीचे रबरी टोपण झिजले, तर मापाचे दुसरे तालुक्याच्या गावी मिळत नाही. टोपण झिजलेली कुबडी ओल्या फरशीवर अशी घसरते की धडका पायही मोडावा. जर्मनीचा गुडघा येईल तेव्हा येवो, परभणीला आधी टोपण हवे.

आमच्या अंगावर आणखी एक शस्त्र चालवले जाते. ते म्हणजे थोरांची उदाहरणे. सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर गेला आणि जयपूर पाय लावून १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. अरुणिमा सिन्हा २०१३ साली कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर चढल्या. दोघींपुढे मी हात जोडतो. परंतु त्यांचे नाव घेऊन जेव्हा कोणी म्हणतो, 'बघा, त्या नाचल्या, चढल्या, आणि तुम्ही रडत बसलात!' तेव्हा मला विचारावेसे वाटते, बाबा रे, दोन पाय असलेला तू आजवर कितीदा एव्हरेस्टवर गेलास? पाय असलेल्याने साधे आयुष्य जगलेले चालते; पाय गेलेल्याने मात्र पराक्रमच केला पाहिजे? आम्हाला शिखर नको. आम्हाला एसटीची पहिली पायरी हवी. तिकिटात अपंगाला पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पायरीच्या उंचीत मात्र एक टक्काही नाही.

नुसती टीका करून थांबणे हा लेखकांचा जुना दुर्गुण. म्हणून काय करावे तेही सांगतो.

जयपूरच्या त्या कारागिराची मी मघाशी आठवण दिली. पेला घडवणे हे शिकलेल्या तंत्रज्ञाचेच काम, त्यात हौशी हाताने पडू नये. परंतु तुटलेला पट्टा शिवणे, टोपण बदलणे, कुबडीची मूठ खालीवर करणे, तीनचाकीची साखळी बसवणे, ही कामे आमच्या तालुक्यातला चांभार, सुतार, सायकलवाला डोळे मिटून करील. पाथरी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, मानवत, पूर्णा, पालम, सोनपेठ, परभणी असे आमचे नऊ तालुके. प्रत्येक ठिकाणी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एक दुरुस्तीचे टेबल मांडावे, आणि महिन्यातून एकदा तिथे तंत्रज्ञाने येऊन पेले तपासावेत. एवढ्याने जे होईल ते दहा शिबिरांनी होणार नाही. पुण्या-मुंबईला जायचे म्हणजे आमच्या माणसाला रात्रभराचा प्रवास, सोबत एक माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी. साधन मोफत असते, त्याच्यापर्यंत पोचणे मोफत नसते.

पैसा कुठून, असे विचाराल. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावा, असा महाराष्ट्रात नियमच आहे. लहान गावाची रक्कम लहान असते हे खरे. म्हणून दहा गावांनी एकत्र यावे. त्यातून टेबल उभे राहील, शौचालयात बसायला उंच बैठक आणि धरायला दांडी होईल, दवाखान्याच्या आणि शाळेच्या पायरीशेजारी उतार होईल. सध्या बऱ्याच ठिकाणी हा पैसा सरसकट वाटून टाकतात. चार दिवसांत तो किराण्यात जातो. गरिबाला किराणाही हवाच. पण त्याच्या पायरीचे काय?

आणि शेवटी घरच्या मंडळींना चार शब्द. पाय गेलेल्या माणसाला आपण फार जपता. त्याच्या गुडघ्याखाली मऊ उशी देता. ती काढा, उशीवर वाकलेला गुडघा तसाच आखडून बसतो आणि मग त्याला नकली पाय लावता येत नाही. दिवसातून थोडा वेळ त्याला पालथे झोपू द्या, म्हणजे कमरेचा सांधा आखडणार नाही. उरलेला पाय रोज आरशात पाहा, आणि त्याहून अधिक काळजीने दुसरा, धडका पाय पाहा. त्याला जागेवर पाणी आणून देऊ नका. माठ त्याच्या हाताला येईल असा ठेवा. नसलेला पाय दुखतो असे तो म्हणाला तर हसू नका; ती वेदना खरी असते आणि डॉक्टरांना ती ठाऊक आहे. आणि पाहुणे आले की त्याची कुबडी पडद्यामागे लपवू नका. चष्मा आपण लपवत नाही, दाताची कवळी निदान रात्री तरी पेल्यात मानाने ठेवतो. कुबडीनेच असे काय पाप केले आहे?

'अपंग' शब्द गेला, 'दिव्यांग' आला. १९९५ चा कायदा गेला, २०१६ चा आला. २०२२ साली महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही झाले. ही सर्व चांगली लक्षणे आहेत. पण शब्द आणि खाती मुंबईत बदलतात, चिखल आमच्या पांदणीत असतो. म्हणून दिवाळीचा फराळ आटोपल्यावर एक लहानसे काम करा. २६ जानेवारीला आपल्या गावची ग्रामसभा भरेल. तिथे उभे राहून विचारा, 'पाच टक्क्यांचे यंदा काय केले?' ज्यांना उभे राहायला दोन पाय आहेत त्यांनी आधी विचारावे. आम्हीही उठू, कुबडी हाताशी असली तर आम्हाला फार वेळ लागत नाही.